आधी डोळे: घरच्या कुत्र्याचा रेखीव फोटो कसा काढावा

घरात कुत्रा असला की मोबाइलमध्ये त्याचे शेकडो फोटो साठतात आणि त्यातला मोठा करून भिंतीवर लावावा असा एखाददुसराच निघतो. बाकीच्यांत कुठे नाक स्पष्ट आणि डोळे धुरकट, कुठे तोंडाऐवजी नुसता फराटा, कुठे काळ्या कुत्र्याच्या जागी काळा डाग. मग दोष जातो मोबाइलला, नाहीतर कुत्र्याला: "एका जागी बसेल तर शपथ!" पण पाच-सहा वर्षं जुना साधा फोनही कुत्र्याचा सुरेख फोटो देतो आणि सतत वळवळणाऱ्या पिल्लाचाही रेखीव फोटो मिळू शकतो. त्यासाठी फोटो बिघडला तेव्हा नेमकं काय बिघडलं, हे ओळखता यायला हवं.

कसोटी मी एकच लावते: डोळे. फोटो माणसाचा असो वा कुत्र्याचा, बघणाऱ्याची नजर आधी डोळ्यांवर जाते. डोळे लख्ख असले तर कानाची टोकं विरलेली चालतात, एखादा पंजा चौकटीबाहेर गेलेला चालतो, मागचा पसाराही थोडाफार चालून जातो. डोळे धूसर असले तर बाकी काहीही उपयोगाचं नाही. म्हणून पुढे जे काही सांगितलं आहे ते सगळं त्या दोन डोळ्यांसाठी आहे.

धूसर म्हणजे नेमकं काय झालं?

फसलेला एखादा फोटो उघडा, दोन बोटांनी मोठा करा आणि नीट बघा.

फोटोत काहीतरी स्पष्ट आहे, पण ते डोळे नाहीत. नाक स्पष्ट आहे, किंवा गळ्यातला पट्टा, किंवा मागची कुंडी. इथे फोकस चुकलाय. दुसऱ्या फोटोत फरशीच्या रेघा, सोफ्याची शिवण सगळं स्वच्छ आहे आणि फक्त कुत्रा फिस्कटलाय. म्हणजे कुत्रा हलला. तिसऱ्यात कुत्रा, फरशी, सोफा सगळंच एका दिशेला ओढलं गेलंय. तिथे आपला हात हलला. आणि सगळ्या फोटोभर दुधाळ पडदा दिसत असेल, दिव्यांभोवती वलयं असतील, तर लेन्सवर बोटांचा तेलकटपणा आहे. कुत्र्याच्या घरात तर लेन्सला हमखास नाकाचा ओलावाही लागलेला असतो. सुती मऊ कापडाने पुसा, तो प्रश्न तिथेच मिटला.

ही ओळख पटवणं महत्त्वाचं, कारण प्रत्येक दुखण्यावरचा इलाज वेगळा आहे. कुत्रा हलल्यामुळे फोटो बिघडत असेल तर महागडी लेन्स घेऊन काही होणार नाही, आणि फोकस चुकत असेल तर शटर कितीही वेगवान ठेवा, डोळे धूसरच येणार.

आधी हालचालीचं बघू. शटर स्पीड म्हणजे कॅमेरा प्रकाश आत घेण्यासाठी किती वेळ उघडा राहतो ते. घरात, संध्याकाळी, सगळं कॅमेऱ्यावर सोडलं तर हा वेळ बऱ्याचदा सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे १/६० इतका असतो. माणसासाठी तेवढं पुरतं. कुत्र्यासाठी पुरतं का, ते हिशेबाने पाहा. समजा, दाराची कडी वाजली आणि कुत्र्याने सेकंदाच्या एक तृतीयांश वेळात मान काटकोनात वळवली. मानेपासून डोळा सुमारे १० सेंटिमीटरवर धरला, तर तो डोळा सेकंदाला साधारण ४७ सेंटिमीटर वेगाने सरकतोय. १/६० सेकंदात तो ८ मिलिमीटर सरकेल. दिसणारा डोळाच जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद. त्यातला ८ मिलिमीटर पुसला गेला तर उरलं काय? १/५०० वर हाच डोळा मिलिमीटरहून कमी सरकतो, आणि फोटोत तो स्थिर दिसतो.

म्हणून शांत बसलेल्या किंवा पेंगुळलेल्या कुत्र्याला १/२५० पुरेसा, इकडेतिकडे बघणाऱ्याला १/५००, खेळणाऱ्याला १/१०००, आणि थेट तुमच्याकडे धावत येणाऱ्याला १/२००० लागला तरी नवल नाही. कॅमेरा असेल तर शटर प्रायॉरिटीवर, म्हणजे शटरचा वेग आपण आणि बाकीचं कॅमेऱ्याने ठरवायचं अशा मोडवर, ठेवून हे आकडे स्वतः निवडा. फोनच्या साध्या कॅमेऱ्यात शटर हातात नसतं. तिथे वेग वाढवायचा मार्ग एकच, कुत्र्याला जास्त उजेडात आणणं. अनेक फोनमध्ये प्रो मोड असतो, त्यात मात्र हे आकडे बदलता येतात. आणि नाइट मोड बंद करा. तो एकामागून एक बऱ्याच चौकटी घेऊन त्यांचा एक फोटो बनवतो. इमारत किंवा देऊळ असेल तर उत्तम, पण कुत्र्याने त्या वेळात एकदा जरी जांभई दिली की सगळं विस्कटलं.

नाक पुढे, डोळे मागे

माणसाच्या चेहऱ्यात नाक आणि डोळे यांच्यात खोलीचा फरक थोडा असतो. कुत्र्याच्या चेहऱ्यात तो भरपूर असतो, आणि कुत्र्याचं पोर्ट्रेट अवघड जातं ते प्रामुख्याने यामुळेच. मोठ्या लॅब्राडॉरच्या नाकाच्या टोकापासून डोळ्यापर्यंत आठ-दहा सेंटिमीटर सहज होतात. मुधोळ किंवा कारवान हाउंडचं निमुळतं, लांब तोंड असेल तर आणखी जास्त. पगचं मात्र उलटं: नाक आणि डोळे जवळजवळ एकाच पातळीवर, त्यामुळे पगचा समोरून फोटो काढणं सगळ्यात सोपं.

कॅमेरा एका विशिष्ट अंतरावर फोकस करतो, आणि त्या अंतराच्या पुढे-मागे थोडासाच पट्टा स्पष्ट येतो. या पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. तो किती जाड असेल हे अपर्चर, लेन्स आणि कुत्र्यापासूनचं अंतर यांवर ठरतं. अपर्चर म्हणजे लेन्समधलं छिद्र, एफ १.८ म्हणजे छिद्र मोठं, एफ ८ म्हणजे लहान. छिद्र जितकं मोठं आणि कुत्रा जितका जवळ, तितका हा पट्टा पातळ.

आता नवीन ८५ मिलिमीटरची लेन्स घेतलेला माणूस काय करतो? मागचं सगळं मऊ धूसर यावं म्हणून एफ १.८ लावतो आणि कुत्र्यापासून मीटरभर अंतरावर बसतो. फुल-फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यावर त्याला मिळणारा स्पष्ट पट्टा जेमतेम दीड सेंटिमीटरचा. त्यात एक डोळा बसतो, नाक बसत नाही, आणि कुत्र्याने मान किंचित तिरकी केली तर दुसरा डोळाही बाहेर पडतो. हाच माणूस मीटरभर मागे सरकला आणि एफ ४ वर गेला, तर पट्टा सुमारे १३ सेंटिमीटरचा होतो. नाकापासून डोळ्यांच्या मागेपर्यंत सगळं त्यात येतं.

मग मागचं धूसर कसं करायचं? कुत्र्याला भिंतीपासून, झुडपापासून पुढे आणून. कुत्रा आणि त्यामागची झाडं यांत चार-पाच मीटर मोकळं अंतर असलं, तर ८५ मिलिमीटरला एफ ४ वरही मागची हिरवळ विरघळून जाते. सोफ्याला टेकून बसलेल्या कुत्र्यामागचा सोफा एफ १.८ वरही पुरता विरघळत नाही. अपर्चरपेक्षा हे अंतर कितीतरी जास्त काम करतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

फोनची गोष्ट वेगळी. फोनचा सेन्सर लहान, त्यामुळे मुळातच सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं, आणि पोर्ट्रेट मोडमधला धूसरपणा फोन नंतर हिशेब करून घालतो. कुत्र्याच्या बाबतीत तो हिशेब चुकतो तो मिशांपाशी, कानांच्या केसांपाशी आणि उभ्या कानांच्या मधल्या जागेत. कुठे कानाचं टोकच खाल्लं जातं, कुठे गालाचे केस कात्रीने कापल्यागत दिसतात. बऱ्याच फोनमध्ये फोटो काढल्यावर एडिटमध्ये जाऊन हा धूसरपणा कमी-जास्त करता येतो. तो निम्म्याने उतरवा, फोटो लगेच खरा वाटायला लागेल.

फोकस कुठे लावायचा याचं उत्तर सोपं आहे: तुमच्या जवळच्या डोळ्यावर. फोनमध्ये त्या डोळ्यावर बोट टेकवा. कॅमेऱ्यात कंटिन्युअस ऑटोफोकस लावा, म्हणजे कुत्रा इंचभर पुढे आला तरी फोकस त्याच्याबरोबर सरकेल. सोनीने २०१९ साली आपल्या मिररलेस कॅमेऱ्यांत प्राण्यांचे डोळे ओळखणारा ऑटोफोकस आणला आणि पाठोपाठ कॅनन, निकॉनकडेही अशी सोय आली. तुमच्या कॅमेऱ्यात ती असेल तर मेन्यूत शिरून 'माणूस' ऐवजी 'प्राणी' निवडलंय का बघा. खूप जणांचं हे राहून जातं. सोय नसेल तर फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवा. सगळे बिंदू चालू ठेवले तर कॅमेरा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो, आणि कुत्र्याच्या चेहऱ्यात सगळ्यात जवळ असतं ते नाक. शिह त्झू किंवा ल्हासा अप्सोच्या डोळ्यांवर केस आलेले असतील तर कुठलाही ऑटोफोकस केसांवरच अडकणार. केस विंचरून वर बांधा, मगच फोटो काढा.

उजेड म्हणजे हातातली रोकड

वेगवान शटर हवं तर प्रकाश खर्च होतो. लहान छिद्र हवं तरी प्रकाशच खर्च होतो. रोकड पुरली नाही की कॅमेरा उधारी करतो, ती आयएसओ, म्हणजे प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, वाढवून, आणि फोटोत खरखरीत दाणे दिसू लागतात. पाऊस नसलेल्या ढगाळ दिवशी बाहेर अंगणात एफ ४, १/५०० आणि आयएसओ २०० इतक्यात भागतं. दिवसा खोलीत खिडकीपाशी एफ २.८ आणि १/२५० हवं असेल तर आयएसओ १६०० च्या आसपास जावं लागतं. रात्री ट्यूबलाइटखाली तेच हवं असेल तर ६४०० किंवा त्याहून वर. आजचे कॅमेरे १६०० सहज झेपवतात. तरी निवड करायची वेळ आलीच तर दाणे पत्करा. दाणे नंतर कमी करता येतात. हललेला डोळा कुठल्याही ॲपमध्ये परत जागेवर येत नाही.

म्हणून जागा आधी ठरवायची, कुत्र्याला नंतर बोलवायचं. सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे सावली आणि मोकळं आकाश यांची सीमा: दाराचा उंबरठा, पडवीचा काठ, गॅलरीतला असा कोपरा जिथे थेट ऊन येत नाही पण आकाश दिसतं. कुत्र्याचं तोंड आकाशाकडे आणि पाठ घराकडे. मागचं घर आपोआप काळोखं होतं, चेहरा उजळतो, आणि डोळ्यांत आकाशाचा तुकडा चमकतो. हा चमकणारा ठिपका फार मोलाचा. कुत्र्याचे डोळे बहुधा गडद तपकिरी असतात. त्यात चमक नसली तर ते निर्जीव दिसतात आणि असली तर कुत्रा आपल्याकडे बघतोय असं वाटतं. फोटो काढण्याआधी डोळ्यांत बघा. घड्याळाच्या दहाच्या किंवा दोनच्या काट्याजवळ ठिपका दिसला तर जागा बरोबर आहे. दिसत नसेल तर कुत्र्याला किंवा स्वतःला थोडं फिरवा.

टाळायच्या जागा दोन. भर दुपारचं ऊन डोक्यावरून येतं आणि कपाळाखाली डोळ्यांच्या खोबणीत अंधार करतं. शिवाय तापलेल्या फरशीने आणि डांबराने पंजे भाजतात. तळहाताची मागची बाजू सात सेकंद जमिनीवर टेकवून ठेवता येत नसेल तर तिथे कुत्र्याला बसवू नये. दुसरी जागा झाडाखालची. आंब्याखाली छान सावली आहे असं वाटतं, पण पानांतून येणारे कवडसे कुत्र्याच्या अंगावर पांढरे चट्टे उठवतात, आणि एखादा नेमका डोळ्यावर पडतो.

पावसाळ्याबद्दल मला विशेष सांगावंसं वाटतं. लोक या दिवसांत कॅमेरा कपाटात ठेवतात, आणि आपल्याकडे कुत्र्यांच्या फोटोंसाठी याच्याइतके चांगले दिवस दुसरे नाहीत. जून ते सप्टेंबर आभाळच एक मोठा मऊ दिवा झालेलं असतं. सावल्या नाहीत, चट्टे नाहीत, मागे सगळीकडे हिरवं, आणि सर थांबल्यावर तासभर हवेत धूळ नसते. तांबूस देशी कुत्र्याचा रंग त्या हिरव्यावर जसा उठतो तसा एप्रिलच्या पिवळ्या गवतावर कधीच उठत नाही.

फ्लॅश वापरू नका. कुत्र्याच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, टॅपेटम ल्युसिडम नावाचा. अंधारात त्याला चांगलं दिसतं ते त्यामुळे, आणि फ्लॅशमध्ये त्याचे डोळे हिरवे-पिवळे पेटतात तेही त्यामुळेच. हस्कीसारख्या निळ्या डोळ्यांच्या कुत्र्यांत हा थर अनेकदा नसतो, तिथे डोळे लाल येतात. फोनमधलं रेड-आय काढणारं साधन माणसाच्या लाल डोळ्यांसाठी बनवलेलं. हिरव्या डोळ्यांपुढे ते निकामी ठरतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कित्येक कुत्रे फ्लॅशला दचकतात, आणि एकदा दचकलेला कुत्रा पुढच्या वेळी कॅमेरा बघूनच मान फिरवतो.

काळा कुत्रा, पांढरा कुत्रा

काळ्या कुत्र्याचा फोटो नीट येत नाही ही तक्रार सगळीकडे ऐकू येते आणि ती खरी आहे. कारण असं की उजेड मोजताना कॅमेरा समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचं असणार असं धरून चालतो. काळा लॅब्राडॉर चौकटभर असेल तर त्याला वाटतं, फारच अंधार आहे. तो फोटो उजळवतो, आणि काळाभोर कोट राखाडी, विटका दिसतो. शिवाय जास्त प्रकाश घ्यायचा म्हणून शटरही जास्त वेळ उघडं ठेवतो. काळ्या कुत्र्यांचे फोटो जास्त हलतात ते यामुळे. उपाय: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपल्या हाताने कमी-जास्त करायची सोय, पाऊण ते एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). फोनवर कुत्र्यावर बोट टेकवल्यावर शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते बोटाने थोडं खाली ओढा. हाच कुत्रा चौकटीत लहान असेल आणि मागे उजळ खिडकी असेल, तर कॅमेरा खिडकीच्या उजेडाला भुलतो आणि कुत्र्याचा काळा डाग होतो. तिथे सूर्य वर ओढायचा. त्याहून बरं म्हणजे खिडकी त्याच्यामागे न ठेवता बाजूला घ्यायची.

खिडकी बाजूला का, ते आमच्या शेजारच्या काळ्या लॅब्राडॉरवर, शेरूवर, स्वच्छ दिसतं. समोरून प्रकाश पडला की तो सपाट काळा. त्याला खिडकीला खांदा लावून बसवलं की कपाळापासून गालापर्यंत केसांच्या ओळीवर निळसर झळाळी उतरते, भुवईचं हाड कळतं, ओठांची मुरड कळते, गळ्यावरचे केस कुठे फिरतात तेसुद्धा कळतं. काळ्या केसांचा रंग फोटोत येत नसतो. येते ती त्यांच्यावरची चकाकी. चकाकी मोठ्या, मऊ आणि बाजूने येणाऱ्या प्रकाशातच उठते. आदल्या दिवशी अंघोळ घालून ब्रश फिरवलेला असला तर दुपटीने उठते.

पांढऱ्या पॉमेरियनचं नेमकं उलट: कॅमेरा त्याला मळकट करड्यावर आणतो, म्हणून एक्स्पोजर थोडं वर न्यायचं. मात्र थोडंच. पांढऱ्या केसांची टोकं एकदा कोरी पांढरी झाली की तिथला पोत कायमचा गेला, म्हणून पांढऱ्या कुत्र्याला उन्हात बसवूच नये.

खाली बसा

उभं राहून काढलेल्या फोटोत मोठं डोकं, आखूड पाय आणि भरपूर फरशी येते. गुडघे टेका, उकिडवे बसा, लहान पिल्लू असेल तर सरळ पालथं पडा. कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आला की मागे फरशीऐवजी दूरचं दृश्य येतं आणि कुत्रा फोटोत खुजा दिसत नाही. अमेरिकन छायाचित्रकार एलियट अरविट यांचा न्यूयॉर्कमधला १९७४ चा प्रसिद्ध फोटो आठवून पाहा: विणलेली टोपी घातलेला चिमुकला चिवावा, शेजारी एका बाईचे उंच बूट, आणि पलीकडे ग्रेट डेनचे पुढचे दोन पाय. कॅमेरा चिवावाच्या पातळीवर, थेट पदपथापर्यंत उतरवला म्हणूनच तो फोटो घडला. उभ्याने तो दिसलाच नसता. वयामुळे खाली बसणं जमत नसेल तर कुत्र्याला वर घ्या. दिवाण, ओटा, जिन्याच्या पायऱ्या यासाठीच आहेत.

अंतराचंही तसंच. फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद बघणारी असते, फुल-फ्रेमच्या हिशेबात २४ ते २६ मिलिमीटरची. ती घेऊन वीतभर अंतरावर गेलात की नाक भलंमोठं आणि कान मागे कुठेतरी. गंमत म्हणून एखादा फोटो ठीक आहे, पण तो तुमच्या कुत्र्याचा चेहरा नाही. दीड-दोन मीटर मागे या आणि दोन किंवा तीनपट झूम लावा. चेहऱ्याचं प्रमाण जागेवर येईल.

त्याची मर्जी

इथवर सगळं कॅमेऱ्याचं झालं. डोळे लख्ख आले, पण त्यांत भीती किंवा कंटाळा असेल तर तो फोटो कुणी भिंतीवर लावणार नाही. म्हणून फोटोची वेळ कुत्र्याच्या दिवसाप्रमाणे ठरवावी. फिरून आल्याआल्या तो धापा टाकत असतो, जीभ हातभर बाहेर. पाणी पिऊन पंधरा-वीस मिनिटं पडून राहू द्या. दमलेला पण झोपेला न आलेला कुत्रा शांत बसतो आणि आपल्याकडे आस्थेने बघतो. डोळ्यांच्या कोपऱ्यातली चिपडं ओल्या कापसाने पुसा, हनुवटीची लाळ टिपा. कॅमेरा आधी हुंगू द्या. काही कुत्र्यांना लेन्स म्हणजे रोखून बघणारा मोठा डोळा वाटतो. त्यांच्यासमोर थोडा वेळ कॅमेरा नुसता जमिनीवर ठेवावा आणि त्याच्याशेजारी खाऊ द्यावा.

खाऊ म्हणजे पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. तो लेन्सच्या अगदी वर धरला की नजर लेन्सकडे येते. कपाळापर्यंत उंच नेला की मान वर जाते आणि डोळ्यांत फक्त आशाळभूतपणा उरतो. तुकडा दाखवून दर वेळी हुलकावणी देऊ नका. दोन-चार फोटोंनंतर तो मिळालाच पाहिजे, नाहीतर कुत्रा उठून जाईल आणि त्याचं बरोबरच असेल.

आवाज हे दुसरं साधन, आणि ते जपून वापरायचं. माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५,००० पर्यंत; त्यामुळे ओरडायची गरज नसते. प्लास्टिकच्या पिशवीची चुरचुर, जिभेने काढलेला 'च्च', एखादं अनोळखी पाखराचं सूर काढणारं ॲप पुरे. कान टवकारले जातात, तोंड मिटतं, नजर स्थिर होते, आणि हे सगळं सेकंद-दीड सेकंदच टिकतं. म्हणून क्रम असा: आधी चौकट लावा, डोळ्यावर फोकस घ्या, बर्स्ट, म्हणजे एका दमात सलग फोटो काढण्याची सोय, चालू करायला बोट तयार ठेवा, आणि सगळ्यात शेवटी आवाज काढा. एकच आवाज तिसऱ्यांदा काढला की त्याला त्यात काही राम वाटत नाही.

मान तिरकी करून बघण्याबद्दल बुडापेस्टच्या एओटवोश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. खेळण्यांची नावं पटापट शिकणाऱ्या कुत्र्यांनी मालकाने खेळण्याचं नाव घेऊन ते आणायला सांगितल्यावर ४३ टक्के वेळा मान तिरकी केली. इतर कुत्र्यांनी २ टक्के. म्हणजे ओळखीचा शब्द कामाला येऊ शकतो. आमची देशी कुत्री मैना "भुर्र" म्हटलं की मान डावीकडे कलवते, "दूध" म्हटलं की नुसतीच उठून स्वयंपाकघराकडे निघते. तुमच्या कुत्र्याचा कोणता शब्द आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक असतंच. तो शब्द फोटोपुरता राखून ठेवा आणि म्हटला तर पाळाही. "भुर्र" म्हणून घरातच बसवणं ही फसवणूक आहे.

खेळण्याचा रंग निवडताना त्याच्या नजरेने विचार करा. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतल्या संशोधकांनी १९८९ साली प्रयोगांतून दाखवलं. त्याला निळा आणि पिवळा नीट कळतात. लाल आणि हिरवा जवळपास सारखे. हिरवळीवर लाल चेंडू आपल्याला उठून दिसतो, त्याला दिसत नाही. निळा चेंडू न्या.

ज्या नजरेने आपण विरघळतो, त्या नजरेलाही शरीरशास्त्रातला आधार आहे. भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा एक स्नायू कुत्र्यांत चांगला विकसित असतो आणि लांडग्यांत त्या जागी जेमतेम काही तंतू असतात, असं २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. भुवई उचलली गेली की डोळे मोठे आणि करुण दिसतात. हा क्षण बहुतेक वेळा आवाजानंतर लगेच येतो, किंवा तुम्ही कॅमेरा खाली घेऊन त्याच्याशी हळू बोलता तेव्हा. म्हणून कॅमेरा डोळ्याला चिकटवून बसण्यापेक्षा छातीशी धरून स्क्रीनवर बघत बोलत राहणं बरं. त्याला तुमचा चेहरा दिसत राहतो.

आणि थांबायचं कधी, हेही कळलं पाहिजे. भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग कडेने दाखवणं, कान मागे चिकटवणं, शेपूट पोटाखाली घेणं, या सगळ्याचा अर्थ "पुरे झालं" असा आहे. पट्ट्याला धरून तोंड कॅमेऱ्याकडे वळवणं, जबरदस्तीने गॉगल-टोपी घालणं मला मुळीच पटत नाही. तो त्रास फोटोत दिसतोच, आणि कुत्र्याच्या लक्षात राहतो तो वेगळाच. दहा मिनिटं पुरतात. नाही जमलं तर उद्या सकाळ आहेच. घराबाहेर मात्र पट्टा काढू नये. दुसऱ्या कुणाला तो बाजूला ताणून धरू द्या, कुत्र्याच्या पाठीमागून जाऊ द्या, आणि उरलेली दोरी नंतर फोटोतून पुसून टाका. ते काम आता फोनवरही होतं.

नंतरचं थोडं

बर्स्टमधून निवड करताना छोट्या स्क्रीनवर भुलू नका. प्रत्येक फोटो मोठा करून जवळचा डोळा बघा. पापण्या वेगवेगळ्या दिसत नसतील तर तो फोटो बाद, मग बाकी कितीही गोड असो. उरलेल्यांतून भाव बघून एक ठेवा. एडिटमध्ये काळ्या कोटाच्या सावल्या थोड्या उचला, डोळे अगदी किंचित उजळवा, आणि शार्पनिंग हलक्या हाताने करा. ते फक्त कडा ठळक करतं. चुकलेला फोकस त्याने सुधारत नाही, उलट केसांचा काथ्या होतो.

व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, आणि मेहनतीने मिळवलेला मिशांचा, पापण्यांचा बारकावा तिथेच जातो. एचडी पर्याय निवडा, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रिंटवाल्याला तर डॉक्युमेंट म्हणूनच द्या. ८ बाय १० इंचाच्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने २४०० गुणिले ३००० पिक्सेल, म्हणजे सव्वासात मेगापिक्सेल लागतात. आजच्या कुठल्याही फोनकडे ते असतात, मात्र फोटो फार कापलेला नसेल तरच. आणि काळ्या कुत्र्याचा फोटो असेल तर मॅट कागद नको म्हणून सांगा. मॅटवर काळा उतरलेला दिसतो, ग्लॉसी किंवा लस्टरवर कोटाची ती झळाळी टिकते.